जादूचे वर्गीकरण आणि खेळाचे नियम : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधील आठ विद्याशाखा

प्रस्तावना

लोककथेतील मांत्रिकाला कथेच्या गरजेखेरीज दुसरे बंधन नसते. त्याने राजपुत्राचा पोपट करावा, पोपटाचा पुन्हा राजपुत्र करावा, आणि श्रोत्याने ते मुकाट्याने मान्य करावे असा तेथील संकेत असतो. काल्पनिक विश्वात खेळल्या जाणाऱ्या खेळांत मात्र हा संकेत चालत नाही. एका मेजाभोवती बसलेल्या पाच-सहा जणांपैकी एकाने ‘माझ्या पात्राने मंत्र म्हटला’ असे सांगितले की पुढे नेमके काय घडले, कोणाला किती इजा झाली, कोण वाचले आणि का वाचले, हे सर्वांना मान्य होईल अशा रीतीने ठरवावे लागते. त्यामुळे अशा खेळातील जादूला व्याकरण असावे लागते. हे व्याकरण कसे घडते, त्यात वर्गीकरणाचे कार्य काय आणि वर्गीकरण बदलले म्हणजे जादूच कशी बदलते, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या आधारे केला आहे.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला व १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथील टीएसआर या संस्थेने तो प्रकाशित केला. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या आजच्या अनेक काल्पनिक खेळांचे मूळ या कागदी खेळात आहे. खेळाडूंपैकी एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभे करतो, शत्रूंची बाजू खेळतो आणि नियमांचा निवाडा करतो. उरलेले खेळाडू प्रत्येकी एक पात्र चालवतात. ज्याचा निकाल अनिश्चित आहे तो फाशांवर, विशेषतः वीस बाजूंच्या फाशावर, सोपवला जातो. ही रचना ध्यानात घेतल्याशिवाय पुढील विवेचनाचा अर्थ लागणार नाही, कारण या खेळातील प्रत्येक मंत्र हा अखेरीस सूत्रधाराशी केलेला एक करार असतो.

मंत्राचे स्वरूप

या खेळातील जादूचे एक मूळ युद्धखेळात आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळाला काल्पनिक लढायांची एक पुरवणी जोडलेली होती. तिच्यातील मांत्रिक अग्निगोल किंवा वीज फेकू शकत असे, आणि त्या अग्निगोलाची व्याप्ती मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्याइतकी, तर विजेचा परिणाम अवजड तोफेसारखा धरला जाई. म्हणजे आरंभीचा मांत्रिक हा दोन पायांवर चालणारा तोफखाना होता. अग्निगोलाचा मंत्र पुढच्या सर्व आवृत्त्यांत टिकला आणि त्याची २० फुटांची त्रिज्याही बहुतेक आवृत्त्यांत टिकली. बंद दालनात हा मंत्र वापरणारा नवखा खेळाडू स्वतःच्या सोबत्यांना भाजून काढतो, हा अनुभव या खेळाच्या प्रत्येक पिढीने घेतलेला आहे.

दुसरे मूळ साहित्यात आहे. जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० मधील पुस्तकातील मांत्रिक मंत्र पाठ करतात आणि उच्चारताच तो त्यांच्या स्मृतीतून नाहीसा होतो. गायगॅक्स यांनी ही कल्पना उचलली. मांत्रिकाने सकाळी पोथी उघडून त्या दिवसापुरते मोजके मंत्र मनात साठवावेत आणि प्रत्येक मंत्र एकदाच वापरावा, हा नियम त्यातून आला. ऋण उघड होते. खेळातील व्हेक्ना या दुष्ट मांत्रिकाचे नाव व्हान्स या नावातील इंग्रजी अक्षरांची फिरवाफिरव करून सिद्ध झाले आहे. आपल्याकडील मंत्रशास्त्रात जपाने मंत्र ‘सिद्ध’ होतो, म्हणजे आवर्तनाने त्याचे बळ वाढते. व्हान्सच्या कल्पनेत याच्या नेमके उलट आहे. तेथे उच्चार हा व्यय आहे. खेळाच्या दृष्टीने हे फार सोयीचे ठरले, कारण जे खर्च होते त्याचाच हिशेब ठेवता येतो.

मंत्राला उच्चार, हस्तमुद्रा आणि द्रव्य अशी तीन अंगे असतात. प्रत्येक मंत्राला तिन्ही लागतातच असे नाही. तोंडात बोळा कोंबलेल्या किंवा हात बांधलेल्या मांत्रिकाचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे आपोआप मिळते. द्रव्यांच्या यादीत रचनाकारांचा खट्याळपणा दिसतो. अग्निगोलासाठी वटवाघळाची विष्ठा व गंधक लागते. पहिल्यात सोरा असतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला दारूगोळ्याची कृती ओळखू येईल. विजेच्या मंत्राला लोकर व काचेची किंवा अंबरची कांडी लागते, म्हणजे शाळेतील स्थितिक विद्युतेचा प्रयोगच. दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याच्या मंत्राला तांब्याचे एक नाणे लागते, कारण विचारात हरवलेल्या माणसाला त्याच्या विचारांची किंमत म्हणून एक पेनी देऊ करण्याची इंग्रजी बोलण्यात रीत आहे.

आठ शाखा : नावे आणि अर्थ

१९७४ च्या तीन पुस्तिकांत शाखा अशी संकल्पना नव्हती. १९७८ मध्ये खेळाची ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्ती आली तेव्हा प्रत्येक मंत्राच्या नावापुढे त्याचा प्रकार छापला गेला. तेव्हापासून आठ शाखा रूढ झाल्या. त्यांना मराठीत रूढ पर्याय नसल्याने येथे कामापुरती नावे योजली आहेत. ॲब्ज्युरेशन म्हणजे निवारणविद्या. ती अडवते, परतवते, हाकलते. कॉन्ज्युरेशन ही आवाहनविद्या. तिच्यायोगे वस्तू वा प्राणी दुसरीकडून आणले जातात. डिव्हिनेशन ही दिव्यदृष्टीची विद्या. एन्चांटमेंट ही मोहिनीविद्या असून तिचे क्षेत्र दुसऱ्याचे मन हे आहे. इव्होकेशन ही ऊर्जाविद्या. अग्नी, वीज, शीत यांचा मारा तिच्याकडे. इल्युजन ही आभासविद्या. नेक्रोमन्सी ही प्रेतविद्या, पण तिचा खरा विषय प्रेत नसून प्राणशक्ती हा आहे. आठवी ट्रान्समुटेशन, जिला जुन्या आवृत्त्यांत ऑल्टरेशन म्हणत, ती रूपांतरविद्या. असलेल्या वस्तूचा गुणधर्म ती पालटते.

ही नावे युरोपीय परंपरेतील आहेत, अर्थ मात्र नवे आहेत. नेक्रोमन्सी या शब्दाच्या ग्रीक मुळात ‘मृत’ आणि ‘भविष्यकथन’ हे दोन घटक आहेत. मृतांना विचारून भविष्य जाणणे हा तिचा मूळ अर्थ. होमरच्या ‘ओडिसी’त नायक मृतांच्या प्रदेशाच्या सीमेवर जाऊन टायरेसियसच्या छायेला आपला पुढचा प्रवास विचारतो, तो असाच प्रसंग होय. व्युत्पत्ती प्रमाण मानली तर प्रेतविद्या ही दिव्यदृष्टीची पोटशाखा ठरावी. इव्होकेशनचीही तीच कथा आहे. पाश्चात्त्य कर्मकांडात त्याचा अर्थ पिशाच किंवा देवतेला बाहेर बोलावणे असा होतो. खेळात तो शब्द आगीच्या लोळाला चिकटला आणि बोलावण्याचे काम कॉन्ज्युरेशनकडे गेले. रचनाकारांनी शब्दकोशातून भारदस्त शब्द उचलले आणि त्यांत आपल्याला हवे ते भरले, असे म्हणणे कठोर वाटले तरी वस्तुस्थितीला धरून आहे. यात दोष काढण्याचे कारण नाही. पारिभाषिक शब्द बहुधा असेच घडतात.

आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. १९७८ च्या यादीत दुसऱ्याच्या देहात शिरण्याच्या एका मंत्रापुढे ‘पझेशन’, म्हणजे परकायाप्रवेश, असा स्वतंत्र प्रकार छापला होता. त्या प्रकारात दुसरा मंत्र जवळपास नव्हताच. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो मंत्र प्रेतविद्येत ढकलला गेला. वर्गीकरण करताना एकच वस्तू असलेला कप्पा कोणाच्याही डोळ्यांत खुपतो, आणि मग वस्तूचा स्वभाव न पाहता ती शेजारच्या कप्प्यात सरकवली जाते.

छापील खुणेपासून नियमापर्यंत

पहिल्या दशकात शाखा ही केवळ एक खूण होती. तिच्यामुळे खेळात जवळजवळ काहीच बदलत नसे. अपवाद एकच, तो म्हणजे आभासविद्येचा मांत्रिक. त्याला स्वतंत्र वर्ग आणि स्वतंत्र मंत्रसूची होती. दुसऱ्या आवृत्तीने हा अपवाद नियम केला आणि आठही शाखांचे विशेषज्ञ निर्माण केले. विशेषज्ञाला प्रत्येक पातळीवर एक मंत्र अधिक मिळे, आपल्या शाखेचा मंत्र शिकण्याची त्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढे आणि अन्य शाखांबाबत तितकीच घटे. त्याच्या शाखेच्या मंत्रापासून बचाव करणाऱ्याच्या फाशातून एक वजा होई. पात्रतेच्या अटीही होत्या : मोहिनीविद्येच्या विशेषज्ञाला व्यक्तिमत्त्वाचे किमान १६ गुण लागत, आभासविद्येच्या विशेषज्ञाला तितकेच हस्तकौशल्याचे.

या लाभाची किंमत म्हणजे वर्ज्य शाखा. आठ शाखा एका आकृतीत समोरासमोर मांडल्या होत्या आणि समोरची शाखा, काही वेळा तिच्या शेजारच्याही, विशेषज्ञाला निषिद्ध होत. प्रेतविद्येच्या विशेषज्ञाला आभासविद्या व मोहिनीविद्या वर्ज्य होती. यामागे एक काव्यात्म संगती दिसते, कारण मृतांना मन नसते आणि ज्याला मन नाही त्याला फसवता वा भुलवता येत नाही. मात्र प्रत्येक जोडी इतकी सुसंगत नव्हती. आभासविद्येला तीन शाखा वर्ज्य आणि दिव्यदृष्टीला एकच, हा पंक्तिप्रपंच तत्त्वातून आलेला नसून तोल साधण्यासाठी केलेला होता. दिव्यदृष्टीचे खालच्या पातळीचे मंत्र तर सर्वांनाच खुले ठेवावे लागले, कारण जादू ओळखण्याचा किंवा पोथी वाचण्याचा मंत्रच ज्याला येत नाही तो मांत्रिक होणार कसा?

तिसरी आवृत्ती २००० मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने काढली. टीएसआर तिने १९९७ मध्येच विकत घेतली होती. २००३ च्या सुधारित नियमांत समोरासमोरची मांडणी उरली नाही. कोणत्या दोन शाखा सोडायच्या हे विशेषज्ञाने स्वतः ठरवावे, दिव्यदृष्टीच्या विशेषज्ञाने एकच सोडावी आणि दिव्यदृष्टी मात्र कोणीही सोडू नये, असा नियम झाला. निवड खेळाडूच्या हाती येताच शाखांचे बाजारमूल्य उघडे पडले. ज्या शाखा सहज सोडता येतात त्या दुबळ्या, हा हिशेब खेळाडू करू लागले.

या हिशेबाचे सर्वांत बोलके उदाहरण ऊर्जाविद्येचे आहे. काही प्राण्यांच्या अंगी मंत्ररोध असतो आणि अग्निगोलाला तो भेदावा लागतो. २००४ च्या ‘कम्प्लीट आर्केन’ या पुस्तकात मात्र अग्नीचा आणखी एक गोल आला, तो आवाहनविद्येत. तर्क असा की आवाहनविद्येने निर्माण केलेला अग्नी हा खराखुरा अग्नी. निर्मितीबरोबर जादू संपली, आता उरली ती नुसती आग, आणि आगीला मंत्ररोध कसा आडवा येईल? तर्क बिनतोड आहे. पण त्याने ऊर्जाविद्येचे एकमेव वैभव आवाहनविद्येच्या घरात गेले. २००३ च्याच फेरबदलात एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी क्षणात जाण्याचे मंत्रही रूपांतरविद्येतून काढून आवाहनविद्येत घातले होते. एक शाखा अशी फुगत गेली, आणि ऊर्जाविद्या सोडूनही आग फेकता येते हे जाणकार खेळाडूंना कळून चुकले.

साधन आणि फल

या आठ शाखांचे वर्गीकरण साधनावर आधारलेले आहे, फलावर नाही. हा भेद भारतीय वाचकाला चटकन समजेल, कारण तंत्रग्रंथांतील प्रसिद्ध वर्गीकरण फलावर आधारलेले आहे. ‘शारदातिलक’ आणि ‘मंत्रमहोदधि’ या ग्रंथांत शांती, वश्य, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण ही षट्कर्मे वर्णिली आहेत. कर्त्याला काय हवे आहे यावरून कर्म ठरते, आणि मग त्या कर्माची देवता, दिशा, ऋतू, आसन इत्यादी ठरतात. या परंपरेचा अमेरिकी खेळावर परिणाम झाला असे येथे मुळीच सुचवायचे नाही. शिवाय एक श्रद्धेच्या क्षेत्रातील व दुसरे करमणुकीच्या क्षेत्रातील आहे. तुलना केवळ वर्गीकरणाच्या तत्त्वाची आहे.

षट्कर्मांच्या यादीत मारण हे एक कर्म आहे. खेळात मारणाची शाखाच नाही. मारण्याचे मार्ग मात्र अनेक आहेत. तिसऱ्या आवृत्तीतील मांत्रिक शत्रूला अग्निगोलाने जाळू शकतो, ही ऊर्जाविद्या. मृत्यूचे बोट रोखून त्याचा प्राण विझवू शकतो, ही प्रेतविद्या. त्याच्याच मनातील सर्वांत भयंकर आकृती त्याच्यासमोर उभी करून त्याला भीतीने मारू शकतो, ही आभासविद्या. त्याच्या देहाची राख करू शकतो, ही रूपांतरविद्या. एका शब्दाने त्याला मरण्याची आज्ञाही देऊ शकतो, आणि ही मोहिनीविद्या, जरी हाच शब्दमंत्र पहिल्या आवृत्तीत आवाहनविद्येत होता. फल एकच, मार्ग पाच.

मग या भेदाला खेळात अर्थ काय? अर्थ बळीच्या बाजूने आहे. तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला बचावाचे तीन गुण असतात : देहाचा चिवटपणा, अंगाची चपळाई आणि मनाचा निर्धार. अग्निगोल चपळाईने चुकवायचा असतो, मृत्यूचे बोट चिवटपणाने सोसायचे असते, मोहिनी निर्धाराने झुगारायची असते. राक्षसी देहाचा पण मंद बुद्धीचा योद्धा मृत्यूच्या बोटाला दाद देणार नाही, मात्र मोहिनीला सहज बळी पडेल. चोराला अग्निगोल लागणार नाही, पण विषारी धूर त्याला आडवा करील. ज्या मांत्रिकाने एखादी शाखा सोडली त्याने एका प्रकारच्या शत्रूपुढे आपले हात बांधून घेतले. येथे वर्गीकरण शोभेचे राहत नाही, ते डावपेच होते.

जखम भरणारा मंत्र कोणाचा?

या सगळ्या व्यवस्थेची कसोटी पाहणारा मंत्र अगदी साधा आहे. देवभक्त पुरोहित सोबत्याच्या अंगावर हात ठेवतो आणि त्याची जखम भरून येते. हा मंत्र सर्वाधिक वापरला जातो आणि खेळातील पात्रे जगतात ती बहुतांशी त्याच्यावर. तो कोणत्या शाखेचा?

पहिल्या व दुसऱ्या आवृत्तीचे उत्तर होते : प्रेतविद्या. ऐकायला हे विचित्र वाटते, पण तर्क स्वच्छ आहे. प्रेतविद्या प्राणशक्तीवर चालते. प्राण काढणे आणि प्राण देणे या एकाच क्रियेच्या दोन दिशा आहेत. त्या आवृत्त्यांत हा मंत्र उलटा म्हणता येई आणि उलटा म्हटला की तो जखम भरण्याऐवजी जखम करी. एकाच विद्येची दोन तोंडे असणे स्वाभाविकच होते.

तिसऱ्या आवृत्तीने हे जोडपे फोडले. जखम करणारा मंत्र प्रेतविद्येत राहिला, भरणारा मंत्र आवाहनविद्येत गेला. स्पष्टीकरण असे की ही शक्ती शुभ ऊर्जेच्या एका वेगळ्या लोकातून आणली जाते, आणि दुसरीकडून आणणे हे आवाहनाचे लक्षण होय. पण हाच निकष काटेकोरपणे लावला तर जखम करणारी ऊर्जादेखील तिच्या अशुभ लोकातून येते. तिला आवाहनविद्येत जागा का नाही, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. खरे कारण बहुधा नैतिक असावे. तिसऱ्या आवृत्तीत मृतांना उठवण्याच्या मंत्रावर ‘दुष्ट’ अशी खूण आहे. अशा शाखेच्या कप्प्यात सत्शील पुरोहिताचा हात असणे रचनाकारांना खटकले असल्यास नवल नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तोच मंत्र ऊर्जाविद्येत आला. शुभ ऊर्जेचा प्रवाह सोडणे हे ऊर्जेचेच काम, असे तेथे मानले आहे. २०२४ च्या सुधारित पुस्तकात तो निवारणविद्येत गेला, कारण ती रक्षण करणारी विद्या. पन्नास वर्षांच्या आत एक मंत्र चार घरे फिरला. त्याचे कार्य तसूभरही बदलले नाही. प्रत्येक वेळी हात ठेवला की जखम भरतेच. बदलला तो जखम भरणे म्हणजे काय याविषयीचा समज : प्राण देणे, बाहेरून आणणे, ऊर्जा सोडणे की अपाय दूर करणे. या चार उत्तरांपैकी तर्काच्या दृष्टीने पहिलेच सर्वांत भक्कम आहे. जिला घाबरून लोक दूर राहतात त्या विद्येतच बरे करण्याची शक्तीही असते, ही कल्पना पुढच्या तिन्ही उत्तरांत हरवली.

आभास आणि मोहिनी

मनाशी संबंधित दोन शाखांत तिसऱ्या आवृत्तीने जे पोटभेद केले ते या खेळातील सर्वांत सूक्ष्म विचाराचे फळ आहेत. आभासाचा एक प्रकार बाहेर असतो. हवेत उभी केलेली भिंतीची प्रतिमा सर्वांना दिसते, निर्बुद्ध प्राण्यालाही दिसते. दुसरा प्रकार केवळ बळीच्या मनात असतो. शेजारी उभ्या असलेल्याला तो दिसत नाही आणि ज्याला मन नाही त्याच्यावर तो चालत नाही. तिसरा प्रकार छायेचा, आणि तो विलक्षण आहे. छायेतून निर्माण केलेली वस्तू अंशतः खरी असते. ती खोटी आहे हे ज्याने ओळखले त्याच्या बाबतीत २००३ च्या नियमांनुसार खालच्या मंत्राची वस्तू २० टक्के खरी, वरच्याची ६० टक्के आणि सर्वांत वरच्याची ८० टक्के खरी ठरते. अद्वैत वेदान्तात प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक अशा सत्तेच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. दोरीवर भासलेला साप ज्ञान होताच पूर्णपणे नाहीसा होतो. येथील साप मात्र ओळखल्यावरही पंचमांशाने चावतो. तत्त्वज्ञाने याला हसावे, परंतु फासे टाकणाऱ्याला टक्केवारीच लागते.

मोहिनीविद्येचे दोन भाग आहेत. एकात बळीची भावना बदलते : तो मांत्रिकाला आपला मित्र समजू लागतो, पण निर्णय त्याचेच राहतात. दुसऱ्यात त्याच्या इच्छेवरच ताबा मिळवला जातो. पहिला सौम्य वाटतो आणि बरीच वर्षे तो निरुपद्रवी म्हणून वापरला गेला. द्वारपालाला भुलवून आत शिरण्याची युक्ती प्रत्येक खेळाडूला ठाऊक असते. पाचव्या आवृत्तीने येथे एक वाक्य घातले. मंत्र संपताच बळीला आपण भुलवले गेलो होतो हे कळते. या एका वाक्याने मंत्राची नीती पालटली. आधी जी गंमत होती ती आता कृत्य झाली आणि कृत्याला परिणाम आला. द्वारपाल दुसऱ्या दिवशी तुम्हाला शोधत येतो. प्रेतविद्येवर दुष्टपणाची खूण मारणाऱ्या तिसऱ्या आवृत्तीने सांगाडे चालवणाऱ्याला दोषी ठरवले होते, पण जिवंत माणसाची इच्छा हिरावणाऱ्याला सरसकट तशी खूण लावली नव्हती. यांपैकी अधिक गंभीर अपराध कोणता याबद्दल फारसे दुमत होऊ नये.

भविष्याची अडचण

दिव्यदृष्टीच्या विद्येपुढे एक अंगभूत अडचण आहे. पुढे काय घडणार हे सूत्रधारालाही माहीत नसते, कारण ते खेळाडूंच्या निर्णयावर आणि फाशांवर ठरते. मग भविष्य सांगणाऱ्या मंत्राला उत्तर कोण देणार? जुना उपाय अनिश्चिततेचा होता. पुरोहिताच्या शकुनमंत्राचे उत्तर शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही इतकेच मिळे. तेही तिसऱ्या आवृत्तीत पुढच्या अर्ध्या तासापुरते, आणि मंत्र यशस्वी होण्याची शक्यता ७० टक्क्यांपासून सुरू होऊन फार तर ९० पर्यंत जाई.

पाचव्या आवृत्तीचा उपाय या सर्व इतिहासात सर्वांत चतुर म्हणावा लागेल. दिव्यदृष्टीचा विशेषज्ञ विश्रांतीनंतर वीस बाजूंचे दोन फासे टाकून आलेले आकडे लिहून ठेवतो. त्या दिवशी तो स्वतःच्या, मित्राच्या किंवा शत्रूच्या एखाद्या फाशाऐवजी त्यांतील आकडा वापरायला लावू शकतो. त्याला भविष्य दिसलेले होते ते हेच. येथे भविष्य सांगितले जात नाही, ते घडवले जाते, आणि सूत्रधाराला काहीही आधी ठरवावे लागत नाही. ज्या विद्येला दुसऱ्या आवृत्तीत सर्वांना थोडीथोडी वाटून द्यावी लागली होती ती या एका नियमाने हवीहवीशी झाली.

शाखांचे विसर्जन आणि पुनरागमन

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने आठ शाखा काढून टाकल्या. मंत्रांची विभागणी वारंवार वापरता येणारे, एका झटापटीत एकदा वापरायचे आणि दिवसातून एकदा वापरायचे अशी झाली. व्हान्सची विसरण्याची कल्पनाही बव्हंशी गेली. लढाईचे गणित यामुळे स्वच्छ झाले, परंतु मांत्रिक आणि धनुर्धर यांच्यातील अंतर कमी झाल्याची तक्रार जुन्या खेळाडूंनी केली. २०१० मध्ये मोहिनी, ऊर्जा आणि आभास या तीन शाखा परत आल्या आणि २०१४ मध्ये आठही परतल्या. तथापि परतताना वर्ज्य शाखांचा नियम आला नाही. पाचव्या आवृत्तीतील विशेषज्ञ कोणत्याही शाखेचा मंत्र शिकू शकतो. स्वतःच्या शाखेचा मंत्र पोथीत उतरवायला त्याला निम्मा वेळ व निम्मा खर्च लागतो, एवढाच फरक. ऊर्जाविद्येच्या विशेषज्ञाला मात्र एक जुनी गरज भागवणारी देणगी मिळाली : अग्निगोलाच्या टप्प्यातील आपल्या काही सोबत्यांना तो आगीतून अलगद वगळू शकतो. २०२४ च्या पुस्तकात निवारण, दिव्यदृष्टी, ऊर्जा आणि आभास या चारच शाखांचे विशेषज्ञ ठेवले आहेत. मंत्रांवरील खुणा आठही आहेत.

याच सुमारास शाखांचा प्रश्न कायद्याच्या क्षेत्रातही शिरला. २००० पासून एका मुक्त परवान्याखाली या खेळाचे मूळ नियम इतर प्रकाशकांना वापरता येत होते. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना बदलण्याचा मसुदा बाहेर फुटला आणि मोठा विरोध झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. मात्र पैझो या प्रकाशन संस्थेने तोवर वेगळी वाट धरली होती. तिचा ‘पाथफाइंडर’ हा खेळ २००९ पासून तिसऱ्या आवृत्तीच्या वारशावर उभा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या सुधारित पुस्तकातून आठ शाखा वगळण्यात आल्या आणि त्यांच्या जागी खऱ्या अर्थाने शाळा आल्या : युद्धजादू शिकवणारी एक, नगररचनेला उपयोगी जादू शिकवणारी दुसरी, अशा. तेथे शाखा म्हणजे जादूचा स्वभाव नसून अभ्यासक्रम आहे. युद्धशाळेच्या विद्यार्थ्याला अग्निगोल शिकवला जातो तो युद्धात लागतो म्हणून. तो अग्नी कोठून येतो हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात नाही.